यानावरचा मेकॅनिक

मला टायपिंग येत नाही. ज्याच्या थोरल्या भावानं खामगावात उभा जन्म टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, त्याला साधं आपलं नाव टाइप करता येऊ नये, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. दादानं मला दोनदा मशीनसमोर बसवलं होतं. दोन्ही वेळा मी पंधरा मिनिटांत उठलो. "तुले एका जागी बसणं जमत नाही," तो म्हणाला, "तू मास्तर हो. मास्तराले उभं राह्याचाच पगार भेटते." झालंही तसंच. मी कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत शिकवलं, आणि जे काही लिहिलं ते हातानं, फुलस्केपवर लिहिलं. दोन ओळी झाल्या की उठायचं, अंगणात चक्कर मारायची, पुन्हा बसायचं. पायाला भिंगरी लागलेल्या माणसानं लेखक होऊ नये, पण ते कोणी वेळेवर सांगितलं नाही.

दादा गेला त्याला आता पाच वर्षं झाली. इन्स्टिट्यूट वहिनी चालवतात. टायपिंगच्या परीक्षा आता संगणकावर होतात, म्हणून जुनी मशीनं भिंतीच्या फळीवर कापड टाकून ठेवली आहेत आणि खाली सहा संगणक आहेत. दुपारी दोन ते चार बॅच नसते. त्या वेळात वहिनी माझी हस्तलिखितं टाइप करतात आणि मी त्यांच्या डोक्याला ताप होईल इतका त्या खोलीत येरझारा घालतो.

मागच्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांची एक वेबमालिका येणार होती. एक अंतराळयान, त्यात नऊ माणसं, आणि वाटेत यानात शिरलेलं काहीतरी. मालिकेबरोबर त्याच गोष्टीची मराठी कादंबरी काढायची होती आणि ती मी लिहावी असं त्यांच्या कोणाला तरी वाटलं होतं. का वाटलं, ते दुसऱ्या फोनला कळलं. "सर, तुम्ही बुलढाण्याचे ना? मग उल्केचं विवर तुमच्या अगदी जवळ असेल!" मी सांगितलं, लोणार आमच्या घराच्या मागे नाही, तिथं जायला अर्धा दिवस मोडतो. ते जरा हिरमुसले. तरी काम मला मिळालं.

असल्या कामाचे नियम कडक असतात. गोष्ट त्यांची, माणसं त्यांची, आपण फक्त वाक्यं लिहायची. मालिकेत जो जगतो त्याला मारायचं नाही, जो मरतो त्याला वाचवायचं नाही. पटकथाही एकदम हातात देत नाहीत. दोन-तीन भागांची पानं येतात, तेवढ्याची प्रकरणं लिहून पाठवली की पुढची पानं. पुढं काय होणार ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मला हे सोसणं कठीण होतं. मी तर सिनेमाचाही शेवट आधी विचारून घेणारा माणूस.

त्या नऊ जणांत यानाचा मेकॅनिक होता. पहिल्या पानांत त्याला मोजून तीन वाक्यं होती. कॅप्टनला बालपण होतं, डॉक्टर बाईंना भूतकाळ होता, याला नुसता पाना दिला होता. एवढी मोकळी जागा पाहून माझा हात सैल सुटला. मी त्याला दादा दिला.

दादा मशीन दुरुस्त करायचा तेव्हा स्क्रू तोंडात धरायचा. अडकलेल्या मशीनवर आधी हात ठेवायचा आणि हळूच विचारायचा, "काय झालं माय तुले?" घाई करणाऱ्याला म्हणायचा, "होते, होते. धीर धर." काम झालं की तेलाचे हात केसांना पुसायचा, त्यामुळे त्याच्या उशीचा अभ्रा कायम काळा. हे सगळं मी यानावर नेऊन ठेवलं. कंपनीनं काही हरकत घेतली नाही. त्यांच्या दृष्टीनं ते 'छान तपशील' होते.

वहिनी टाइप करताना कधी मजकुराबद्दल बोलत नाहीत. दादानंच त्यांना शिकवलं होतं, टायपिस्टनं अक्षरं वाचायची, मजकूर वाचायचा नाही. पण तिसऱ्या प्रकरणात त्यांची बोटं थांबली. मी तेव्हा दाराशी होतो. कीबोर्डचा आवाज बंद पडल्यावर मागे वळलो.

"भाऊजी, हे तर ते आहेत."

मी चोरी पकडली गेल्यासारखा उभा राहिलो. वहिनी पानाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "स्क्रू खिशात काऊन ठेवला तुमी? ते तोंडात धरत."

"यानात वजन नसतं वहिनी. तोंडात धरला अन् गिळला म्हणजे?"

"अन् खिशातून उडून जाईन तो? तोंडातच बरा."

मी ते वाक्य बदललं. त्या दिवसापासून वहिनी मजकूर वाचायला लागल्या. दहाव्या प्रकरणापर्यंत तो मेकॅनिक माझा कमी आणि त्यांचा जास्त झाला. त्याला मुगाची भजी आवडतात हे त्यांनी सांगितलं, तो शिंकला की एकापाठोपाठ सात वेळा शिंकतो हे त्यांनी सांगितलं. दुपारी मी पोहोचायच्या आधी त्या संगणक चालू करून, चष्मा पुसून तयार असायच्या. एकदा पानं न्यायला उशीर झाला तर त्यांचा फोन आला. "आज नाही का पानं?" चार वर्षांत त्यांचा आवाज इतका हलका मी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी आणखी आणखी लिहीत गेलो.

मग पुढची पानं आली. अकराव्या प्रकरणात मेकॅनिक मरतो.

नुसता मरत नाही. यानात शिरलेल्या त्या गोष्टीला शरीर नसतं. ती मेलेल्या माणसाचा आवाज घेते. मेकॅनिक मेल्यावरही पृथ्वीवरच्या त्याच्या बायकोला फोन येत राहतात, त्याच्याच आवाजात. मी बरा आहे, जेवलो, तू कशी आहेस. बायको बोलते, हसते, तिकडचा आवाज उत्तरं देतो, आणि यानात त्याचं प्रेत तरंगत असतं. कंपनीनं समासात लिहिलं होतं, हा गोष्टीचा कणा आहे, इथं वाचक घाबरला पाहिजे.

वाचक राहिला बाजूला, माझंच धाबं दणाणलं. कारण हा फोन मी एकदा केलेला आहे.

दादा इन्स्टिट्यूटमध्येच कोसळला. एका मशीनचा रोलर काढत होता, तसाच टेबलावर कलला. शेजारच्या दुकानदारांनी आणि मी त्याला दवाखान्यात नेलं, पण तासाभरातच डॉक्टरांनी मान हलवली. वहिनी त्या दिवशी माहेरी, बुलढाण्यापलीकडच्या धाड गावी होत्या, त्यांच्या भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी. मी त्यांना फोन लावला आणि आपल्याकडे सगळे जे सांगतात तेच सांगितलं. "दादा सिरियस आहे. लवकर या."

याला आपल्याकडे कोणी खोटं म्हणत नाही. ही रीतच आहे. दूरच्या माणसाला, त्यातून बाईला, गेल्याचं फोनवर सांगत नाहीत, सिरियस आहे म्हणतात, म्हणजे प्रवास नीट होतो. खरं तिच्या भावाला सांगायचं. भाऊ ते जीपच्या ड्रायव्हरला सांगतो, ड्रायव्हर पुढच्या सीटवरच्याला, आणि गाडी सुटेपर्यंत सगळ्या गाडीला ठाऊक होतं. एक तिला सोडून. सगळे तिला जागा देतात, पाणी देतात आणि तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळतात. मी स्वतः अशा दोन-तीन गाड्यांत बसलो आहे.

इथवर मी चार माणसांसारखाच वागलो. पण बुलढाणा स्टँडवरून वहिनींचा पुन्हा फोन आला. "शुद्धीवर आहेत का?" त्या आवाजानं माझा जीव खालीवर झाला आणि मी म्हणालो, "हो, आहे."

"बोलतात का?"

"बोलतो थोडं थोडं."

"काय म्हणतात?"

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. आत दादाच्या अंगावर चादर ओढलेली होती. मी म्हणालो, "तुम्हाला विचारतो आहे. कुठपर्यंत आल्या म्हणतो."

"त्यायले सांगा, बुलढाण्यात पोहोचली. आता बोथ्याच्या घाटाले लागीन."

"सांगतो," मी म्हणालो.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सिरियस आहे हे सगळेच म्हणतात. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालणं हे माझं एकट्याचं काम होतं. चार वर्षांत वहिनींनी तो विषय काढला नाही, मी काढायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं होतं, त्या गडबडीत ते बोलणं त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल.

अकरावं प्रकरण मी नऊ दिवस लिहिलं. एरवी मला तीन दिवस लागतात. घरात बसवेना म्हणून मी गावभर फिरलो, जिनिंग फॅक्टरीच्या रस्त्यानं गेलो, स्टेशनवर जाऊन जलंबची गाडी येईपर्यंत बाकावर बसलो, ती आली तसा उठलो. बायकोनं विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी तिच्यावर उगाच ओरडलो. कंपनीला फोन करून मेकॅनिकऐवजी दुसऱ्या कोणाला मारता येईल का असंही विचारून पाहिलं. पलीकडची मुलगी हसली. "सर, त्याचं शूटिंग झालंय."

शेवटी लिहिलं. लिहिताना ठरवलं होतं की फोनचा प्रसंग अगदी वेगळा करायचा. पण हात कुठं ऐकतो? बायको विचारते, कसे आहात, आणि यानातला तो आवाज म्हणतो, "मी बरा आहे. तू कुठपर्यंत आलीस?" बायको तर घरीच बसलेली. तिला कळत नाही, कुठपर्यंत म्हणजे काय. मी ते खोडलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा खोडायचा मला कंटाळा आला, की धीर झाला नाही, कोण जाणे.

आता ही पानं वहिनींच्या हातात कशी द्यायची? दहा प्रकरणं त्यांनी त्या माणसाला स्वतःच्या बोटांनी उभं केलं होतं. त्याचं मरण त्यांच्याचकडून टाइप करून घ्यायचं, वर माझा तो फोन त्यांनाच वाचायला द्यायचा! मी मुकाट्यानं अकरावं प्रकरण बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतलं आणि वहिनींना एकदम बारावं नेऊन दिलं. बाराव्यात मेकॅनिकचा नुसता उल्लेख होता. मला वाटलं, निभावलं.

मी पानांवर लाल शाईनं आकडे घालतो. वहिनींच्या टेबलावर एकशे बेचाळीसनंतर एकशे त्रेसष्ट आलं. ज्या बाईनं सगळं आयुष्य समास आणि पानं तपासण्यात घालवलं तिच्यापासून मी पानं लपवत होतो. मास्तर लोक किती हुशार असतात, याचा हा नमुना.

वहिनींनी त्या दिवशी बारावं प्रकरण टाइप करून दिलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर संगणक बंद होता आणि त्या फळीवरचं एक जुनं मशीन खाली घेऊन पुसत बसल्या होत्या.

"मधली पानं कुठी आहेत?"

"ती... कंपनीनं मागवली थेट."

"हातानं लिहिलेली?" त्यांनी कापडाची घडी केली. "तो मेला ना?"

मी भिंतीपर्यंत जाऊन परत आलो.

"पानं आणा, भाऊजी. मी बसली आहे इथं."

मी घरी जाऊन पानं आणली. वाटेत दोनदा परत फिरलो. वहिनींनी संगणक चालू केला, पानं डावीकडं लावली आणि टाइप करायला सुरुवात केली. मला म्हणाल्या, "बसा." मी बसलो. त्या दुपारी मी जितका वेळ एका खुर्चीत बसलो तितका दादाच्या हाताखालीही कधी बसलो नव्हतो. मेकॅनिक मेला तिथं त्यांची बोटं थांबली नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या टाइप करत होत्या. मग फोनचा प्रसंग आला. 'तू कुठपर्यंत आलीस' त्यांनी टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"दवाखान्याच्या दाखल्यावर दहा पंचवीस लिहेल आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा पयला फोन पावणेअकराले आला होता. अन् मी बुलढाण्याहून फोन केला तवा बारा वाजून गेले होते."

त्यांना चार वर्षं ठाऊक होतं.

"वहिनी, मला माफ करा. माझ्यानं सांगवलं नाही."

"सिरियस आहे म्हणतलं त्याचं काही नाही. सगळेच म्हणतात. मीबी म्हणतलं असतं." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "पण तुमी म्हणतलं, ते बोलून राह्यले. मले इचारून राह्यले. मले वाटलं, बोलतात म्हणजे वाचले. मी जीपमंधी खुश होऊन बसली. बोथ्याच्या घाटात गाडी थांबली, तं एका वानरानं समोरच्या माणसाच्या हातातलं केळ हिसकून नेलं. मी हासली, भाऊजी. मोठ्यानं हासली. गाडीतलं दुसरं कोणीच हासलं नाही. सगळे खाली पाहून राह्यले होते. माझा भाऊबी. मले वाटलं, काऊन असे बसले हे लोक?"

मी खिशातलं लाल पेन काढून हातात धरलं.

"त्या सगळ्यायले ठाऊक होतं. नवरा मेलेली बाई कशी हासते ते त्यायनं पाह्यलं. धाडच्या बाजारात त्यातलं कोणी दिसलं तं मी आजबी रस्ता बदलते."

मी म्हणालो, ते वाक्य मी काढून टाकतो, आत्ता काढतो. लाल पेन घेऊन मी उठलोही.

"नोका काढू," वहिनी म्हणाल्या. "भुताचं बोलणं आहे ते. भुताच्या तोंडी शोभते."

आणि त्यांनी पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं. रागावून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की ओळखीच्या माणसानं हाक मारली तरी मी थांबलो नाही.

कंपनीला अकरावं प्रकरण फार आवडलं. पहिल्यांदाच त्यांनी एक शब्दही बदलायला सांगितला नाही. "फोनचा सीन अंगावर येतो सर. कुठून सुचलं?" मी म्हणालो, सुचलं. उरलेली प्रकरणं वहिनींनीच टाइप केली. पानं मी रोज नेत होतो, त्या रोज घेत होत्या, चहाही देत होत्या. पण मजकुराबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत. स्क्रू कुठं ठेवायचा हे सांगायला आता कोणी उरलंच नव्हतं.

शेवटचं प्रकरण टाइप व्हायचं होतं त्या दिवशी जेवण करून मी पानं पिशवीत भरत होतो. फोन वाजला. धाडहून, वहिनींच्या भावाचा. त्यांची आई गेले काही दिवस अंथरुणावर होती.

"माय गेली," तो म्हणाला. मग नाक ओढून म्हणाला, "ताईले तुमीच घेऊन या. अन् सिरियस आहे म्हणूनच सांगजा. रस्ता दूरचा आहे."

"किती वाजता गेल्या?" मी विचारलं.

तो गोंधळला. "एक वाजता. काऊन?"

घरापासून इन्स्टिट्यूट दहा मिनिटांवर आहे. मला अर्धा तास लागला. आधी जीप ठरवली. मग उगाच एका दुकानात शिरून काहीही न घेता बाहेर आलो. सिरियस आहे म्हटलं की झालं, त्यात माझं असं काय जाणार होतं? त्यांचा भाऊच तसं म्हणाला होता. धाडला पोहोचल्यावर दारातली गर्दी पाहून त्यांना आपोआप कळलं असतं आणि सांगणारा मी ठरलो नसतो. खोटं बोलण्यात केवढी सोय असते हे मला त्या अर्ध्या तासात नीट कळलं.

वहिनी संगणक चालू करून बसल्या होत्या. माझ्या हातात पिशवी नव्हती. ती मी घरीच विसरलो होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चष्मा काढला.

"धाडहून फोन आला का?"

"हो."

"सिरियस आहे?"

"नाही, वहिनी. आई गेल्या. एक वाजता गेल्या."

मग त्यांनी संगणक बंद केला, पंखा बंद केला, पर्स घेतली आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं दिली. जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी त्याच्या ओळखीचा एक माणूस बसला होता, मागे आम्ही दोघं. बोथ्याचा घाट लागला आणि त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मी शेजारी बसून होतो. समजूत घालायची म्हणजे काय म्हणायचं ते मला सुचलं नाही, आणि काही सुचलं नाही तेच बरं झालं.

पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळला. आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग आवाज खाली आणून मला विचारलं, "कोणी सिरियस आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनींनीच उत्तर दिलं.

"माझी माय वारली," त्या म्हणाल्या.